मतदाराला माहिती का नसते? माहितीच्या किमतीचा एक पाठ



सहावीच्या नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासन संस्थांचा भाग आहे. महानगरपालिका, महापौर, आयुक्त, विषय समित्या हे सगळं मुलं पाठ करतात आणि पेपरात व्यवस्थित लिहितातही. पण "आपल्या प्रभागात नगरसेवक किती?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. घरून विचारून या म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी बरीच मुलं सांगतात, "बाई, पप्पांनापण नाही माहीत."

इथे आपण शिक्षक एक वाक्य बोलून मोकळे होतो, "आपले लोक जागरूकच नाहीत." हे वाक्य मी वर्गात न बोलण्याचं ठरवलं आहे. मुलाच्या कानावर ते वेगळंच पडतं. त्याला वाटतं, माझे आईबाबा अडाणी आहेत, म्हणून त्यांना कळत नाही. आणि हे खरं नाही. केबिन रोडवर राहणारा माणूस बघा. विरार लोकलचा कुठला डबा कुठे थांबतो, कुठल्या गाडीत भाईंदरला चढायला मिळतं, टोमॅटो स्टेशनबाहेर स्वस्त की खारीगावात, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. मग याच माणसाला नगरसेवकाने पाच वर्षांत काय केलं हे का माहीत नसतं?

या प्रश्नाचं उत्तर अर्थशास्त्रात आहे. पाचवीच्या पुढच्या मुलांना ते साध्या गुणाकार-भागाकाराने समजावता येतं. म्हणून हा पाठ.

१. माहितीलाही किंमत असते

अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली 'अॅन इकॉनॉमिक थिअरी ऑफ डेमोक्रसी' हे पुस्तक लिहिलं. त्यातला एक विचार आपल्याला हवा आहे. तो असा: माहिती मिळवायला वेळ लागतो, कष्ट लागतात, कधी पैसे लागतात. म्हणजे तिला किंमत आहे. माणूस ही किंमत तेव्हाच मोजतो, जेव्हा त्याला त्यातून काही मिळणार असतं. मिळणार नसेल तर तो माहितीच्या मागे लागत नाही. हे अज्ञान मूर्खपणाचं नाही, हिशेबाचं आहे. आपण त्याला 'हिशेबी अज्ञान' म्हणूया.

मुलांना उदाहरण द्या. बाबा मोबाइल घेताना चार दुकानं फिरतात, दहा व्हिडिओ बघतात. का? कारण जो मोबाइल निवडतील तोच घरी येणार. नगरसेवक निवडताना मात्र बाबांनी कितीही अभ्यास केला, तरी घरी येणार तो हजारो लोकांनी मिळून निवडलेला. अभ्यासाचा खर्च एकट्याचा आणि निकाल सगळ्यांचा. फरक इथे आहे.

२. आपल्या शहराचं गणित

आता आकडे घेऊ. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. २० ऑगस्ट २०१७ ला झालेल्या महानगरपालिका निवडणुकीत २४ प्रभाग आणि ९५ जागा होत्या. २३ प्रभागांत चार-चार नगरसेवक आणि एका प्रभागात तीन. म्हणजे एका प्रभागात सरासरी ३३ हजारांहून जास्त लोकवस्ती.

दहिसर नाका ओलांडला की मुंबई. तिथे एक प्रभाग, एक नगरसेवक आणि मतदाराचं एकच मत. आपल्याकडे बहुसदस्यीय पद्धती, म्हणजे अ, ब, क, ड अशा चार जागा आणि प्रत्येक मतदाराने चार मतं द्यायची. मुलांना हे सांगितलं की ती चकित होतात. मोठ्यांपैकीही अनेकांना हे मतदान केंद्रात यंत्रासमोर उभं राहिल्यावरच कळतं.

आता फळ्यावर हे गणित मांडा. इथून पुढचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगा.

- प्रत्येक जागेला ५ उमेदवार. एकूण ४ × ५ = २० नावं.
- एका उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र आणि त्याचं काम समजून घ्यायला २० मिनिटं. एकूण ४०० मिनिटं, म्हणजे ६ तास ४० मिनिटं.
- आठ तासांची मजुरी ६०० रुपये धरली, तर ४०० मिनिटांची किंमत ५०० रुपये.

हा झाला खर्च. आता फायदा बघू. चांगले नगरसेवक आले तर टँकरचे पैसे वाचतील, गटार तुंबणार नाही, दवाखान्याचा खर्च कमी होईल. एका कुटुंबाला वर्षाला २,००० रुपये, पाच वर्षांत १०,००० रुपये फायदा धरू. पण आईच्या एकटीच्या मतावर निकाल फिरण्याची शक्यता किती? अगदी उदारपणे ५,००० मध्ये १ धरू. १०,००० भागिले ५,००० म्हणजे २ रुपये.

खर्च ५०० रुपये आणि फायदा २ रुपये. सकाळी सहाची लोकल पकडून रात्री नऊला परतणारी आई जर म्हणाली, "मला नाही वेळ," तर ती चुकीचा हिशेब करत नाही.

पण गणित इथे थांबवू नका. पुढची पायरी महत्त्वाची आहे. प्रभागात ८,००० कुटुंबं धरली, तर सगळ्यांचा मिळून फायदा ८,००० × १०,००० = ८ कोटी रुपये. म्हणजे एकेकट्याला परवडत नाही अशी गोष्ट सगळ्यांनी मिळून केली तर प्रचंड फायद्याची आहे. आणि तो ५०० रुपयांचा खर्च ८,००० कुटुंबांत वाटला तर प्रत्येकी सव्वासहा पैसे! शेजाऱ्यांनी मिळून बोअरवेल घेण्यासारखंच आहे हे.

इथे माझ्या वर्गात एका मुलीने विचारलं, "मग बाई, मत द्यायला तरी कशाला जायचं?" प्रश्न अगदी योग्य आहे. डाउन्सच्या वाचकांनीही तो पहिल्यापासून विचारला आहे. उत्तर असं की माणूस फक्त फायदा मोजून रांगेत उभा राहत नाही. कर्तव्य वाटतं, आपल्या माणसांसोबत असल्याचं समाधान असतं, बोटावरची शाई शेजारी बघतात. तरीही २०१७ ला आपल्या शहरात निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केलं. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. शाई चारचौघांना दिसते, वाचलेलं प्रतिज्ञापत्र कुणालाच दिसत नाही. म्हणून मतदान करणारेही माहिती काढायचं काम टाळतात.

३. मग लोक ठरवतात कसं?

पूर्ण माहिती परवडत नाही, तेव्हा माणूस जवळचा रस्ता धरतो. ओळखीच्या माणसाचं मत, आपली भाषा, आपलं गाव, आपली जात आणि सगळ्यात सोपं म्हणजे चिन्ह.

चिन्हाची पद्धत आपल्या देशात विचारपूर्वक आली. १९५१ मध्ये देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी होती आणि पेटीवर चिन्ह. नाव वाचता न येणाऱ्या माणसालाही बैलजोडी ओळखता येत होती. एक चित्र म्हणजे पक्षाची धोरणं, नेते, मागचं काम या सगळ्याची संक्षिप्त खूण. माहितीची किंमत एवढी कमी करणारी युक्ती दुसरी सापडणार नाही.

पण जवळच्या रस्त्यात खड्डेही असतात. महाराष्ट्रात २०२२ नंतर दोन मोठे पक्ष फुटले, चिन्हांची वाटणी झाली आणि मतदाराला जुनी ओळख पुसून नवी शिकावी लागली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हाचे उमेदवार शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले. तिथेच एका अपक्ष उमेदवाराला, ज्याचं चिन्ह लोक पिपाणी म्हणून ओळखतात, ३७,०६२ मतं पडली. दिंडोरीतही पिपाणीवाल्या अपक्षाला एक लाखाच्या वर मतं गेली. तिथे मूळ पक्षाचा उमेदवार तरीही जिंकला. यातली किती मतं चुकून पडली हे मोजता येत नाही, कारण मतदान गुप्त असतं. पण दोन आकडे शेजारी ठेवले की चिन्हावर किती भार आहे ते कळतं.

हे उदाहरण शिक्षकांच्या समजेसाठी आहे. वर्गात पक्षांची नावं घेऊ नका. त्याऐवजी एकसारख्या रंगाचे, एकसारख्या अक्षरांचे दोन बिस्किटपुडे आणा आणि लांबून ओळखायला सांगा. मुद्दा पोहोचतो.

४. फुकटची माहिती फुकट नसते

निवडणूक जवळ आली की स्टेशनपासून गोडदेव नाक्यापर्यंत फ्लेक्स लागतात. मोबाइलवर रोज दहा मेसेज येतात. ही माहिती आपल्याला फुकट मिळते, कारण तिचे पैसे दुसऱ्याने दिलेले असतात. मुलांना एकच प्रश्न विचारायची सवय लावा: "याचे पैसे कोणी दिले आणि का दिले?" हा प्रश्न टीव्हीवरच्या जाहिरातीलाही चालतो.

याची दुसरी बाजूही आहे. काही लोकांना माहिती काढणं परवडतं. महानगरपालिकेच्या स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि मोठ्या खर्चाचे प्रस्ताव तिथे मंजूर होतात. त्या १६ जणांची नावं आपल्याला माहीत नसतात. पण ज्याचं कोट्यवधीचं कंत्राट त्या टेबलावर आहे, त्याला नावं, बैठकीची तारीख, विषयपत्रिका सगळं माहीत असतं. तो आपल्यापेक्षा हुशार आहे असं नाही. त्याच्या हिशेबात ५०० रुपये खर्च करून २ रुपये मिळत नाहीत, लाखो मिळतात. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्यामागे आपला तोटा थोडा-थोडा वाटलेला असतो आणि त्याचा फायदा एका जागी साठलेला असतो. म्हणून त्याचा आवाज आत पोहोचतो, आपला नाही.

५. कोणाला विचारायचं, हेच कळत नाही

नगरसेवकाला जाब विचारायचा तर आधी हे काम त्याचं आहे का, ते माहीत हवं. वर्गात 'काम कोणाचं?' असा तक्ता करून घ्या. आमच्या भागासाठी तो असा होतो:

- गल्लीतला रस्ता, गटार, कचरा, पथदिवे, मनपा शाळा: महानगरपालिका
- भाईंदर स्टेशन, फलाट, लोकल: पश्चिम रेल्वे, म्हणजे केंद्र सरकार
- मिठागरांची सरकारी जमीन: केंद्र सरकार
- मेट्रो मार्ग ९: एमएमआरडीए, म्हणजे राज्य सरकारची संस्था
- पोलीस: १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय, म्हणजे राज्य सरकार
- नळाचं पाणी: वाटप महानगरपालिकेचं, पण पाणी येतं स्टेम आणि एमआयडीसीकडून. सूर्या प्रकल्पाचं पाणी आणण्याचं काम एमएमआरडीएचं

पाण्याची ओळ बघा. एका नळामागे चार नावं आहेत. पाणी आलं नाही तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो, आणि पाणी आलं तर श्रेयाचा फलक प्रत्येक जण लावू शकतो. जितकी जबाबदारी वाटली जाते, तितकी माहिती महाग होते.

त्यात आपल्या शहरात आणखी एक गोष्ट झाली. २०१७ ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. मधली तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाने कारभार पाहिला. ज्या मुलाने तिसरीत पाठ वाचायला सुरुवात केली, त्याने सहावीत येईपर्यंत आपल्या शहरात नगरसेवक नावाचा माणूस पदावर पाहिलाच नाही. मग तो ओळखणार कसा?

६. किंमत कमी करता येते का?

येते, आणि आपल्या देशात ती झालीही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ च्या निकालात उमेदवाराबद्दल जाणून घेणं हा मतदाराचा हक्क मानला. त्यामुळे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांची माहिती प्रतिज्ञापत्रात द्यावी लागते. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात २००२ मध्येच आला, देशाचा २००५ मध्ये. १० रुपयांत अर्ज करता येतो आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. मुंबईत प्रजा फाउंडेशन नगरसेवकांची प्रगतिपुस्तकं काढते. कोणी किती प्रश्न विचारले, किती हजेरी, असं सगळं आयतं वाचायला मिळतं.

याचा उपयोग होतो का? दिल्लीत २००८ च्या विधानसभा निवडणुकीआधी काही झोपडपट्ट्यांमध्ये आमदारांची प्रगतिपुस्तकं वर्तमानपत्रातून घरोघर वाटली गेली. सतर्क नागरिक संघटनेने ती माहिती अधिकारातून तयार केली होती. जिथे ती वाटली तिथे मतदान थोडं वाढलं, पैसे वाटण्याचे प्रकार कमी दिसले आणि चांगलं काम केलेल्या आमदारांना जास्त मतं मिळाली. बेस्ली आणि बर्जेस या अभ्यासकांनी १९५८ ते १९९२ या काळातली आपली राज्यं तपासली. जिथे वर्तमानपत्रांचा खप जास्त, तिथली सरकारं दुष्काळात आणि पुरात मदतीला जास्त धावली, असं त्यांना दिसलं.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. बेनिन, ब्राझील, बुर्किना फासो, मेक्सिको आणि युगांडा इथे मतदारांना अशी माहिती देऊन पाहिली, तेव्हा सरासरीत मतांवर काहीच परिणाम दिसला नाही. म्हणजे कागद हातात दिला की काम झालं, असं नाही. माहिती कोणी दिली, तिच्यावर विश्वास आहे का आणि तिच्याबद्दल चार माणसं एकमेकांशी बोलली का, हेही बघावं लागतं. आपला उपक्रम नेमका याच गोष्टीवर आहे.

७. उपक्रम: चिंचोक्यांची निवडणूक

साहित्य: २० चिठ्ठ्या, प्रत्येक मुलाला १० चिंचोके.

कृती:
- बालमंत्रिमंडळातली चार पदं घ्या: स्वच्छता, पाणी, ग्रंथालय, खेळ. प्रत्येक पदाला पाच काल्पनिक उमेदवार. नावं फुलांची द्या: जास्वंद, मोगरा, शेवंती वगैरे.
- चिठ्ठीच्या दर्शनी बाजूला छान चित्र आणि घोषणा, मागे त्या उमेदवाराने खरं काय काम केलं ते.
- मागची बाजू वाचायला एक चिंचोका द्यावा लागेल. उरलेल्या प्रत्येक चिंचोक्याला खेळाच्या तासात अर्धा मिनिट जादा.
- चारही चांगले उमेदवार निवडून आले तर सगळ्या वर्गाला १५ मिनिटं जादा खेळ. चिंचोके कोणी खर्च केले, कोणी नाही, ते बघायचं नाही.
- पहिली फेरी: बोलायचं नाही, प्रत्येकाने एकट्याने ठरवायचं.
- दुसरी फेरी: चिठ्ठ्या बदला. पाच-पाच मुलांचे गट करा, बोलायला परवानगी द्या.

माझ्या वर्गात पहिल्या फेरीत बहुतेकांनी चिंचोके राखून ठेवले आणि चित्र बघून मत दिलं. चुकीचे उमेदवार आले. दुसऱ्या फेरीत एका गटाच्या लक्षात आलं की पाच जणांनी चार-चार चिठ्ठ्या वाचल्या तर वीसच्या वीस वाचून होतात. बाकीच्या गटांनी तेच उचललं. पण एका मुलाने आपल्या आवडत्या फुलासाठी चिठ्ठीतलं खोटं सांगितलं आणि भांडण झालं. मग मुलांनीच नियम केला: दोघांनी वाचलेली चिठ्ठीच खरी धरायची. त्यासाठी चिंचोके दुप्पट लागले, प्रत्येकी आठ. तरी मुलं तयार झाली. खात्री करायलाही खर्च येतो, हे त्यांना मला सांगावं लागलं नाही.

शिक्षकांसाठी तीन पथ्यं:
- वर्गात पक्ष, नेते, खरे उमेदवार यांची नावं नकोत.
- "तुमच्या घरी कोणाला मत देतात?" हा प्रश्न कधीही विचारू नका. मत गुप्त असतं, मुलाकडूनही ते काढून घ्यायचं नसतं.
- आपल्यापैकी अनेकांना मतदान केंद्रावर किंवा बीएलओ म्हणून काम करावं लागतं. त्यामुळे आपलं मत काय, याचा अंदाजही मुलांना येता कामा नये.

८. विचार करा आणि लिहा

१. आपल्या प्रभागाचा क्रमांक आणि त्यातल्या जागांची संख्या लिहा.
२. मोबाइल निवडणं आणि नगरसेवक निवडणं यात काय फरक आहे? तीन वाक्यांत सांगा.
३. एका प्रभागात प्रत्येक जागेला ६ उमेदवार असतील आणि चार जागा असतील, तर प्रत्येकी १५ मिनिटं धरून एकूण वेळ काढा. आठ शेजाऱ्यांनी काम वाटून घेतलं तर प्रत्येकाला किती वेळ लागेल?
४. आपल्या गल्लीतली एक अडचण निवडा. ती सोडवण्याचं काम कोणाचं, हे शोधा. शोधायला किती दिवस लागले आणि किती जणांना विचारावं लागलं, तेही लिहा.

पालकांना एक विनंती. चौथ्या प्रश्नासाठी मूल तुमच्याकडे आलं तर "मला माहीत नाही" असं सांगायला लाजू नका. वर दिलेलं गणित वाचलंत तर कळेल की त्यात तुमचा दोष नाही. त्याच्यासोबत सोसायटीच्या सेक्रेटरींना किंवा प्रभाग कार्यालयात जाऊन विचारा, आणि मिळालेलं उत्तर सोसायटीच्या ग्रुपवर टाका. इमारतीतल्या बाकीच्यांची तेवढी पायपीट वाचेल.